तिघांच्या बँडमधला चौथा

रघुवीर टिपणीस हा एका अमेरिकन रॉक बँडचा चौथा सदस्य आहे, ही बातमी मला पहिल्यांदा त्याच्याच तोंडून कळली आणि पुढची अकरा वर्षं ती फक्त त्याच्याच तोंडून कळत राहिली. बँडमध्ये तिघेच होते, आणि त्या तिघांना आपण चौघे आहोत याचा पत्ता नव्हता.

सिंगापूरला बेडोकमध्ये आमचे फ्लॅट समोरासमोर. मधे कॉरिडॉर, त्यात त्याच्या बायकोच्या, आशालतावहिनींच्या, कढीपत्त्याच्या कुंड्या आणि रघुवीरचे सेफ्टी शूज. रघुवीर मूळचा डोंबिवलीचा, आता पन्नाशीचा, मरीन इंजिनिअर. चौदा वर्षं जहाजांवर काढली, त्यात चीफ इंजिनिअर झाला आणि मग इथल्या एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट म्हणून चिकटला. म्हणजे बंदरात लागलेल्या जहाजांवर चढायचं आणि दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. हे काम तो घरीही आणतो. आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आठ दिवसांत जाणार, हे त्याने एकदा दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं. सहा दिवसांत गेला. दोन दिवसांचा अंदाज चुकला म्हणून बिचारा हिरमुसला होता, आणि मी नवा फ्रिज घेतोय याचं त्याला काही नव्हतं.

तर बँडचं नाव सॉल्ट ड्रॉअर. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर टकोमा नावाचं बंदर आहे, तिथल्या मासे ठेवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तीन पोरं कामाला होती. नोरा गिटार वाजवून गायची, वेसकडे बेस गिटार आणि ग्लेन ड्रमवर. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात त्यांनी धक्क्यावरच्या रिकाम्या गोदामात एकाच दुपारी पहिला अल्बम रेकॉर्ड केला. माशांचा वास जाईना म्हणून दार उघडं ठेवलं होतं, त्यामुळे गाण्यांबरोबर अर्धं बंदरही टेपवर आलं. पुढची कहाणी रघुवीर अशी सांगतो की जणू त्यांची कुंडली त्यानेच मांडलीय. दुसरा अल्बम गाजला तेव्हा हा बढती मिळून थर्ड इंजिनिअर झाला. तिसरा पडला आणि रेकॉर्ड कंपनीने त्यांना वाऱ्यावर सोडलं, तेव्हा हा सेकंडच्या परीक्षेत नापास झाला. वाद्यांसकट त्यांची व्हॅन चोरीला गेली, त्याच आठवड्यात याची बॅग कराचीला गेली. दोन हजार नऊमध्ये बँड मोडला, ग्लेन शाळेची बस चालवायला लागला, आणि हा चीफ होऊनही आठ दिवस कुणाशी धड बोलला नाही. वहिनींना वाटलं, जहाजावर काही झालं. झालं होतं टकोमाला.

आता मुद्द्याचं. त्या पहिल्या अल्बमवरच्या सहाव्या गाण्याला नाव नाही. सुरुवातीपासून त्याच्याखाली एक खोल घरघर चालू असते. मग घरघरी दोन होतात आणि एकमेकींवर आपटून हेलकावे देतात, वाँव, वाँव, वाँव. हेलकावे हळूहळू लांबतात. मग धप्प. सगळं बंद. शांतता. त्या शांततेत नोरा एकटी, कशाच्याही आधाराशिवाय गायला लागते. मग लांबून एक शिंक आल्यासारखा आवाज येतो, घरघर परत सुरू होते आणि त्या शिंकेवर ग्लेनचा ड्रम असा काही पडतो की माझ्यासारख्या रॉक न कळणाऱ्याच्याही अंगावर काटा येतो. हल्ली कुठल्याशा व्हिडिओमुळे हे गाणं विशीतल्या पोरांना सापडलं. त्या शांततेवर इंटरनेटवर लोकांनी निबंध लिहिले. कुणी म्हणे तो स्टुडिओतला चमत्कार, कुणी म्हणे मृत्यूचं प्रतीक.

रघुवीर म्हणायचा, "मृत्यू कसला, आमचा जनरेटर आहे तो."

त्याचं म्हणणं असं की त्या दुपारी त्याचं जहाज त्याच धक्क्याला बांधलेलं होतं, तो त्यावर इंजिनिअरांतला सगळ्यात धाकटा, फोर्थ इंजिनिअर होता, आणि ती घरघर त्यांच्या जहाजाची. याचा पुरावा म्हणून तो एकच गोष्ट सांगायचा. दोन वर्षांनी एका बंदरातल्या खलाशांच्या सीमेन्स क्लबमध्ये जुन्या सीडींच्या खोक्यात त्याला हा अल्बम सापडला. केबिनमध्ये लावला आणि पडल्या पडल्या डोळा लागला. सहावं गाणं आलं, धप्प झालं, आणि हा झोपेतून उठून बनियनवर, एका पायात चप्पल घालून थेट इंजिनरूममध्ये. खाली सगळं व्यवस्थित चालू, यंत्रांचं तेलपाणी बघणारा ऑइलर निवांत चपाती-भाजी खातोय आणि वरून धावत आलेल्या साहेबांकडे बघतोय. त्या क्षणी रघुवीरला कळलं की आपण ऐकलं ते आपलंच.

मी म्हणायचो, अरे, जगातली सगळी जहाजं घरघरतात. वहिनी म्हणायच्या, घोरता तर तुम्हीही, म्हणून काय गायक झालात? मुलगी वल्लरी पॉलिटेक्निकला आहे, ती डोळे फिरवून इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "पा, एव्हरी शिप साउंड लाइक दॅट, लाह." रघुवीर काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. अकरा वर्षं मला वाटत होतं की त्याच्याकडे उत्तर नाही.

उत्तर होतं. ते मला कळलं दिलीप सरांकडून.

दिलीप सर बुकित पंजांगला राहतात, निवृत्त आहेत. त्या जहाजावर ते सेकंड इंजिनिअर होते, म्हणजे रघुवीरचे थेट साहेब. आपल्या जहाजी लोकांत फोर्थला चारसाब म्हणतात. रघुवीर चीफ झाला, सुपरिंटेंडंट झाला, केस गेले, तरी सर त्याला चारसाबच म्हणतात. गेल्या महिन्यात बातमी फुटली की सॉल्ट ड्रॉअर पुन्हा एकत्र आलेत आणि सिंगापूरला येताहेत. शनिवारी दुपारी एका रेकॉर्डच्या दुकानात गप्पा, संध्याकाळी कार्यक्रम. रघुवीरने पाच तिकिटं काढली, एक मलाही. म्हणून मी सरांना बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपीवर, म्हणजे इथल्या कॉफीवर गाठलं आणि जरा खडा टाकून पाहिला. दोन कोपी आणि नारळाच्या जॅमचा एक काया टोस्ट एवढ्यावर पंचवीस वर्षांचं गुपित माझ्या हाती आलं. स्वस्तात पडलं.

झालं होतं ते असं. बंदरात जहाजाला वीज देतो तो जनरेटर. एक बंद करून दुसरा लावायचा तर आधी दोन्ही चालू करून त्यांची गती जुळवावी लागते. जुळत नाही तोवर त्यांचे आवाज हेलकावे देतात. हेलकावे लांबत लांबत जवळजवळ थांबले की नेमक्या क्षणी स्विच मारायचा. चोवीस वर्षांच्या रघुवीरला जेट्टीवर जाऊन घरी फोन लावायची घाई होती. त्याने स्विच आधीच मारला. दणका बसला, दोन्ही जनरेटर पडले, अख्खं जहाज अंधारात. ब्लॅकआउट. इंजिनिअरच्या आयुष्यात याहून लाजिरवाणा शब्द नाही. मग तीन नंबरचा जनरेटर हवेच्या दाबाने आपोआप सुरू झाला आणि दिवे आले. दिलीप सर खाली आले, पांढराफटक पडलेला चारसाब पाहिला, त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि लॉगबुकात स्वतःच्या हाताने लिहिलं: स्टँडबाय जनरेटरची चाचणी घेतली, समाधानकारक.

"पोरगं चांगलं होतं," सर मला म्हणाले, "पहिल्याच जहाजावर डाग कशाला?"

आता गंमत बघा. हाच रघुवीर दर वर्षी नव्या इंजिनिअरांपुढे भाषण देतो, आणि त्याचं पहिलं वाक्य असतं की माझ्या वॉचवर, म्हणजे माझ्या पाळीत, आजवर एकही ब्लॅकआउट झालेला नाही. या वाक्यावर त्याची बंदरभर कीर्ती आहे. कागदोपत्री ते खरंही आहे. म्हणजे त्या शांततेवर हक्क सांगायचा तर ही कीर्ती स्वतःच्या हाताने पुसावी लागणार होती. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःलाही पुरती खात्री नव्हती. अंधार छत्तीस सेकंद होता. अलार्मच्या प्रिंटरने सेकंदांसकट वेळा छापल्या होत्या. सरांनी तो कागद फाडून रघुवीरला दिला होता, पुन्हा घाई झाली की हा बघ म्हणून. तो त्याच्या जहाजी नोकरीच्या नोंदींच्या पासबुकात आजही आहे. आणि गाण्यातली शांतता भरते एकोणीस सेकंद. रघुवीरने हजारदा मोजली. तारीख तीच, धक्का तोच, धप्प तोच, पण सतरा सेकंद कमी. तोंड उघडलं आणि ती दुसऱ्याच जहाजाची निघाली, तर हा कीर्तीलाही मुकणार आणि बँडलाही.

मी त्याला काही कळलंय असं दाखवलं नाही. नुसतं रोज कॉरिडॉरमध्ये भेटला की विचारायचो, "काय रघुवीर, किती सेकंद झाले?" तो चमकून बघायचा. मला फार बरं वाटायचं.

शनिवार उजाडला. दुकान एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या चौथ्या मजल्यावर, चाळीस माणसांत गच्च भरलेलं. सगळी पोरं वल्लरीच्या वयाची. आम्ही शिरलो तेव्हा एका मुलीने दिलीप सरांना उठून खुर्ची दिली आणि अदबीने विचारलं, अंकल, तुम्ही ड्रमरचे वडील का? रघुवीरने पहिल्या अल्बमवरच्या चित्राचा टी-शर्ट घातला होता, दोन हजार सहा सालच्या मापाचा. वहिनी म्हणाल्या, निदान श्वास सोडत राहा.

आणि मग ते तिघे आले. साधी माणसं. नोराचे केस पिकलेले, चष्मा दोरीला अडकवलेला. वेसला गुडघेदुखी होती हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं. ग्लेन खरोखरच शाळेच्या बसचा ड्रायव्हर दिसत होता. सगळे बसले का म्हणून आधी नजर फिरवणारा. मी रघुवीरकडे पाहिलं. पन्नाशीच्या माणसाचे कान एवढे लाल होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं.

प्रश्न सुरू झाले. तिसऱ्याच प्रश्नाला एका पोराने ती शांतता काढली. त्या शांततेला तो निबंधात वाचलेलं काहीतरी नाव देत होता. नोरा हसली. तिने सांगितलं की आम्ही काहीच केलं नाही, बंदरच एकाएकी गप्प झालं. मला वाटलं, ते ऐकायला थांबलंय, म्हणून मी गायला लागले. मग ग्लेनने माइक घेतला. तो म्हणाला, मी काठ्या वर धरून बसलो होतो, कधी पाडू ते कळत नव्हतं, तेवढ्यात कुणीतरी शिंकलं. माझी सगळी कारकीर्द त्या शिंकेवर उभी आहे. मरायच्या आधी मला कळायला हवं, शिंकलं कोण.

लोक हसले. माझ्या शेजारी रघुवीरचा हात खांद्यापर्यंत वर गेला आणि तिथून डोकं खाजवायला वळला. वल्लरी कुजबुजली, "पा, डोन्ट. प्लीज लाह." सर समोर भिंतीकडे बघत बसले. कोपराने ढोसायची माझी केवढी इच्छा झाली होती. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी गप्प राहिलो. ही चेष्टेची जागा नव्हती. दुकानदाराने घड्याळ पाहिलं आणि शेवटचा प्रश्न म्हणून सांगितलं.

रघुवीर उभा राहिला. आवाज इंजिनरूममध्येही ऐकू जावा असा जहाजी होता.

"ती शिंक नाही," तो म्हणाला. "ती हवा आहे. तीस बारच्या दाबाची. जहाजाचा तीन नंबरचा जनरेटर तिने सुरू होतो. मला माहीत आहे, कारण आधीचे दोन मी पाडले होते. चूक माझी. घाई केली. जहाज अंधारात घातलं, आणि आजवर कुणाला सांगितलं नाही."

वहिनींची मान हळूहळू नवऱ्याकडे वळली.

"फक्त एक गोष्ट जुळत नाही," रघुवीर पुढे म्हणाला. "तुमची शांतता एकोणीस सेकंदांची आहे. माझी छत्तीस होती. कदाचित मी चुकीच्या गाण्यात आलो असेन." आणि त्याने खिशातून ते पासबुक काढलं, त्यातली पिवळी पट्टी काढली आणि पुढच्या रांगेतल्या मुलीच्या हाती दिली. पट्टी हातोहात नोराकडे गेली.

नोराने चष्मा लावला. तारीख वाचली. वेळा वाचल्या. पट्टी वेसकडे सरकवली. वेसने ती वाचली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, संपलं, हसतोय.

हसतच होता. त्याने माइक ओढला. सांगितलं की मूळ टेपवर ती शांतता छत्तीस सेकंदांचीच आहे. पण मधेच त्याच्या हातून कॉफीचा मग पडला आणि त्याने एक कचकचीत शिवी घातली, म्हणून तेवढा तुकडा त्यांनी ब्लेडने कापून टाकला. सतरा सेकंद. हे या तिघांशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं. सांगायची लाज वाटत होती.

पुढे काय झालं ते मला क्रमाने सांगता येणार नाही. चाळीस पोरं एकदम उठली. ग्लेन टेबल ओलांडून आला आणि त्याने रघुवीरला उचललं, टी-शर्ट खांद्यात टर्रकन फाटला. वल्लरी रडत हसत कुणालाही सांगत होती, दॅट्स माय डॅड. दिलीप सरांना नोराने विचारलं, तुम्ही कोण? सर ताठ उभे राहून म्हणाले की मी लॉगबुक लिहिणारा. एवढ्या गोंधळात वहिनींचा शांत आवाज तेवढा मला ऐकू आला.

"स्थळ सांगून आलं तेव्हा तुमच्या मामांनी आम्हाला सांगितलं होतं, मुलाच्या कामात एकही चूक नाही."

"आशा, लॉगबुकात खरंच नव्हती गं."

"आणखी काय काय समाधानकारक आहे ते घरी गेल्यावर सांगा," वहिनी म्हणाल्या, आणि पर्समधली सेफ्टी पिन काढून त्याचा खांदा जोडायला लागल्या. ती पिन लावताना त्या गालात हसत होत्या, हे मी पाहिलं. रघुवीरने नाही पाहिलं. बरंच झालं, घाबरलेला जरा बरा दिसतो.

संध्याकाळच्या कार्यक्रमात काय करायचं ते दुकानातच ठरलं. आजवर ते सहाव्या गाण्यातली शांतता एकोणीस सेकंदांचीच ठेवत आले होते. आज पूर्ण छत्तीस. आणि ग्लेनला इशारा देणार रघुवीर. घरघर टेपवरून येईल, धप्प होईल, नोरा गाईल, आणि छत्तिसाव्या सेकंदाला रघुवीरने हात खाली आणायचा. टेपवरची शिंक त्या इशाऱ्यावर सोडणार, ड्रमही तेव्हाच पडणार. रघुवीरने तिथल्या तिथे तीनदा तालीम केली, बोटांवर मोजत, ओठ हलवत. प्रत्येक वेळी बरोब्बर छत्तीस. माणूस सेकंदांचा पक्का, यात वाद नाही.

आठला कार्यक्रम सुरू झाला, साडेआठला ते गाणं आलं. नोराने गोष्ट थोडक्यात सांगितली आणि विंगेतून रघुवीर स्टेजवर आला, खांद्यावर सेफ्टी पिन, हात वर. सहाशे माणसं उभी. घरघर सुरू झाली, दुसरी तिला येऊन मिळाली, वाँव, वाँव. माझ्या बाजूला दिलीप सरांनी डोळे मिटले होते आणि त्यांची तर्जनी स्विच मारायच्या तयारीत होती. धप्प. शांतता. मी फोनवर स्टॉपवॉच लावलं. नोरा गायला लागली. दहा. पंधरा. वीस. पंचवीस. हात वर धरून रघुवीर ओठ हलवत मोजत होता. त्याच्या चेहऱ्यावर चोवीस वर्षांचा पोरगा दिसत होता, जेट्टीवरच्या फोनकडे धावायला निघालेला. मी मनात म्हणालो, धर बाबा, थोडंच राहिलंय.

एकतिसाव्या सेकंदाला त्याने हात खाली मारला.

पाच सेकंद आधी. पण ग्लेनने इकडेतिकडे पाहिलं नाही. शिंक सुटली आणि ड्रम असा कोसळला की नोरा ओळ अर्धी सोडून हसायला लागली आणि सगळं थिएटर एकदम उडालं. वल्लरी माझ्या पायावर नाचली. वहिनींनी, ज्यांना रॉक म्हणजे भांडी पडणं वाटतं, त्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ही विद्या त्यांनी बावीस वर्षं लपवली होती, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला.

रघुवीर खाली आला तो घामाने निथळत. मला बघून म्हणाला, "श्रीनिवास, काही बोलू नकोस."

मी कुठे बोललो? मी फक्त स्टॉपवॉच त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने ते वाचलं, दिलीप सरांकडे वळला आणि त्या दिवशी इंजिनरूममध्ये उभा असेल तसाच मान खाली घालून उभा राहिला.

"सर, परत घाई झाली."

सरांनी त्याच्या खांद्यावरची पिन नीट केली.

"चारसाब," ते म्हणाले, "चाचणी समाधानकारक."